खाकीतील माणसाचे आठ तास

कामाचा ताण हा विषय गेल्या काही वर्षांत प्रामुख्याने संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांचा झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला सत्तर तास कामाचा सल्ला एका ज्येष्ठ उद्योजकाने दिला, जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एकाने तो नव्वदपर्यंत नेला, आणि वातानुकूलित दालनांतून त्यावर बरेच चर्वितचर्वण झाले. त्या सगळ्या गदारोळात एका वर्गाची आठवण फारशी कोणाला झाली नाही. सत्तर तास हा आकडा ऐकून या वर्गाने कदाचित सुटकेचा निःश्वास सोडला असता. हा वर्ग म्हणजे पोलीस ठाण्यातील शिपाई आणि हवालदार.

पोलीस संशोधन व विकास विभागासाठी हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने केलेला एक अभ्यास २०१४ साली पुढे आला. देशातील पोलीस ठाण्यांमधील सुमारे नव्वद टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक काम करतात, असे त्यात आढळले. पुढे २०१९ साली 'कॉमन कॉज' आणि लोकनीती यांच्या अहवालाने पोलिसांच्या कामाची सरासरी दिवसाला चौदा तास असल्याचे नोंदवले. जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना साप्ताहिक सुट्टीच मिळत नसल्याचेही त्याच अहवालात आहे. चौदा गुणिले सहा केले तरी आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. या चौदा तासांत विरार, बदलापूर किंवा पनवेलहून मुंबईला येण्याजाण्याचा वेळ धरलेला नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता तासांची संख्या हा या ताणाचा एक भाग झाला. याहून अधिक पोखरणारी गोष्ट आहे ती अनिश्चिततेची. गिरणीतला कामगार बारा तास राबत असे, पण भोंगा कधी होणार हे त्याला ठाऊक असे. पोलीस शिपायाचा भोंगा कधी होईल हे खुद्द ठाणे अंमलदारालाही सांगता येत नाही. हजेरी संपून घरी निघावे तर नाकाबंदी लागते, नाकाबंदी उठावी तर कोण्या मंत्र्याचा ताफा यायचा असतो, तो गेला की आरोपीला न्यायालयात हजर करायचे असते. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने (आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो) २८ व्या कलमात पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले आहे. संकटाच्या घडीला कोणाही पोलिसाला बोलावता यावे, एवढ्यापुरता तो नियम योग्यच म्हणावा लागेल. परंतु रोजच्या कामाचे नियोजन करण्याचा कंटाळा झाकण्यासाठी त्याचा उपयोग व्हावा, असा कायदा करणाऱ्यांचा हेतू खचितच नसावा.

विश्रांती कधी मिळेल हे आधी ठाऊक असेल तर मनुष्य मोठे कष्टही निभावून नेतो. मुलीच्या शाळेतील कार्यक्रमाला जाता येईल की नाही हे त्या दिवशी दुपारपर्यंत कळत नसेल, तर सुट्टी मिळूनही ती अंगी लागत नाही. झोप तुटक होते, जेवणाची वेळ राहत नाही, रक्तदाब आणि मधुमेह घरात शिरतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. हे झाले शरीराचे. स्वभावाचे काय होते, ते पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या कोणाही सामान्य नागरिकाला विचारावे. तक्रार नोंदवायला गेलेल्या म्हातारीवर खेकसणारा हवालदार मुळात उर्मट असेलच असे नाही. कदाचित तो सोळाव्या तासाला उभा असतो. तिने सहन का करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही हे मान्य. पण त्या खेकसण्याचे मूळ कोठे आहे ते तरी कळते.

मग या मंडळींनी आवाज का उठवला नाही? मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखा खंबीर पुढारी त्यांना लाभला म्हणून. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगाराला देवाकडे आणि समाजाकडे पाहण्यास एक दिवस हवा, अशी मांडणी करत त्यांनी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी मालकांना ती मागणी मान्य करावी लागली. पोलिसांना हा मार्ग मोकळा नाही. १९६६ च्या कायद्यान्वये शासनाच्या परवानगीवाचून त्यांना संघटना बांधता येत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत शिपायांचे आंदोलन चिघळले, रस्त्यावर लष्कर उतरवावे लागले आणि होती ती संघटनाही गेली. शस्त्र हाती असलेल्यांनी संप करू नये, हे तत्त्व राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. मात्र ज्याचा आवाज आपण तत्त्वासाठी काढून घेतला, त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी उरलेल्या समाजावर येते. ती समाजाने पार पाडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या पार्श्वभूमीवर देवनारचा प्रयोग मुद्दाम आठवावा लागतो. मुंबईच्या पूर्व उपनगरातील हा भाग कचराभूमीमुळे सर्वांना माहीत आहे. दाट वस्ती, सततची वर्दळ, गुन्ह्यांचे प्रमाणही मोठे. आठ तासांची पाळी शक्यच नाही, असे म्हणायला याहून सोयीचे ठाणे सापडले नसते. या ठाण्यातील एका पोलीस कर्मचाऱ्याने आठ तासांच्या पाळीचा आराखडा तयार करून तो तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवला. आयुक्तांनी तो वाचला, हे या कथेतील पहिले नवल. दुसरे नवल असे की मे २०१६ मध्ये तो त्याच ठाण्यात प्रत्यक्षात आणला.

या प्रयोगाला होणारा आक्षेप तसा साधा आणि वरवर बिनतोड आहे. दोन पाळ्यांच्या तीन केल्या की माणसे दीडपट लागतात. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरल्या तर त्याहून अधिक. २०१४ च्या अभ्यासाने हे गणित १.६८ पट असे मांडले होते. एवढी भरती कोणतेही राज्य सरकार एका फटक्यात करणार नाही. देवनारच्या आराखड्याचे मोल असे की त्याने भरतीची वाट न पाहता हाताशी असलेल्या माणसांची फेरमांडणी केली. कोणते काम खरोखर पोलिसाने करायचे, कोणते नुसत्या परिपाठाने चालत आले आहे आणि कोणत्या वेळी किती माणसे लागतात, याचा हिशेब मांडला की बारा तासांत बरेच तास नुसते 'उभे राहण्याचे' निघतात. ज्याने ती हजेरी वर्षानुवर्षे दिली त्यालाच हे दिसू शकते. मंत्रालयातील टिपणीतून ते उमगत नाही. देवनारचा अनुभव पाहून एकेक ठाणे या पद्धतीत येत गेले आणि २०१८ च्या आरंभी ती मुंबईतील सर्व पोलीस ठाण्यांना लागू करण्यात आली.

पुढे काय झाले? आयुक्त बदलले, महासाथीत सगळीच घडी विस्कटली. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांना आठ तासांची पाळी देण्याचा आदेश राज्याच्या पोलीस महासंचालकांनी काढला, तो स्वागतार्हच होता. पण अशा आदेशांचे आयुष्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर टांगलेले असते. एका सज्जन अधिकाऱ्याने दिले, दुसऱ्याने बंदोबस्ताचे कारण सांगून काढून घेतले, अशी ही व्यवस्था असता कामा नये. ती नियमाने बांधली गेली पाहिजे. अपवाद कोणता, तो किती दिवसांचा आणि त्याची भरपाई कधी, हे लेखी असले पाहिजे.

याऐवजी सोपा मार्ग सर्वत्र चोखाळला जातो. एखाद्या मंगल कार्यालयात 'तणावमुक्ती शिबिर' भरते, दोन तास प्राणायाम शिकवला जातो, छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. योगाचे सामर्थ्य काय आहे हे नव्याने सांगायला नको. पण योगशास्त्राने यम-नियम आधी आणि आसन-प्राणायाम नंतर सांगितले आहेत. आहार-विहाराला नेम नसलेल्या माणसाला श्वास मोजायला लावून फार काही साधत नाही. त्यातून शिबिर जर शिपायाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवलेले असेल, तर त्या विनोदाला काय म्हणावे!

कर्मचाऱ्याच्या हाती काहीच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. मिळालेले आठ-दहा तास दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी किंवा दारूच्या बाटलीत घालवायचे की झोपेत आणि घरच्यांत, हे अखेर त्याचे त्यालाच ठरवावे लागते. खाकी चढवली की दुखते म्हणायचे नाही, ही समजूत सर्वांत घातक आहे. ठाण्यात पाहिलेले मृतदेह, रेल्वे रुळांवरून उचललेली माणसे, लहान मुलांवरील अत्याचारांचे जबाब यांचे ओझे एकट्याने वाहायचे नसते. जुन्या पोलीस वसाहतींत शेजारच्या खोलीतला सहकारी घरी आलेल्या माणसाचा चेहरा पाहूनच काय ते ओळखत असे. घरे दूर पांगली तसा तो आधार गेला. तो पुन्हा जमवणे कठीण असले, तरी 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक बोलतो. हा क्रमांक हजेरीच्या खोलीत ठळक अक्षरांत लावायला शासननिर्णयाची गरज नाही.

आणि थोडे समाजाविषयी, विशेषतः उत्सवप्रिय समाजाविषयी. पोलिसाच्या घरी गणपती बसतो तेव्हा तो दुसऱ्याच्या गणपतीपुढे दोर धरून उभा असतो, याची कौतुकमिश्रित हळहळ दर वर्षी व्यक्त होते. हळहळीने त्याचे पाय दुखायचे थांबत नाहीत. पुण्याची विसर्जन मिरवणूक अलीकडे अठ्ठावीस तासांहून अधिक चालू लागली आहे. दोन मंडळांमध्ये पडणारे अंतर, चौकाचौकांत रेंगाळणारे पथक, क्रमावरून होणारी हुज्जत यांत जाणारा प्रत्येक तास कोणीतरी उन्हात आणि पावसात उभ्याने काढत असतो. हा वेळ कमी करणे पूर्णतः मंडळांच्या हाती आहे. त्यासाठी ना भरती हवी, ना निधी. गणेशोत्सवापूर्वी मंडळे आणि पोलीस यांच्या बैठका दर वर्षी होतात. तेथे परवाने, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या जोडीला मिरवणूक कोणत्या चौकातून किती वाजता पुढे सरकेल, याचे वेळापत्रक मंडळांनी स्वतः लिहून द्यावे आणि त्याच बैठकीत अधिकाऱ्यांनी बंदोबस्ताच्या पाळ्या जाहीर कराव्यात. कोणत्या शिपायाला किती वाजता बदली मिळणार, हे त्याच्या घरी आठ दिवस आधी कळावे.