वाचलेल्याला कोणी विचारलं का?

मंडळी, आज 17 जुलै. कॅलेंडरात आज काही खास लिहिलेलं दिसणार नाही. पण 1947 साली याच दिवशी, स्वातंत्र्याला फक्त 29 दिवस उरले असताना, मुंबईजवळ समुद्रात 'रामदास' नावाची आगबोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. एवढी मोठी दुर्घटना, पण शाळेच्या पुस्तकात ती आपण वाचली नाही. टायटॅनिक मात्र पोट्ट्यापोट्ट्याला माहीत आहे, सिनेमाची कृपा.

आता कोणी विचारेल, बाप्पा, कामठ्यात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला? मुंबई इथून जवळपास हजार किलोमीटर. बरोबर आहे. पण पाणी ते पाणीच. आपल्या तालुक्याच्या सीमेवर बाघ आहे, वैनगंगा आहे. तलाव तर गावोगावी आहेत. आणि सध्या पावसाळा आहे. म्हणून थोडं लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा जी.

रामदास सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघाली. जायचं होतं रेवसला, म्हणजे पलीकडं अलिबागच्या बाजूला. आषाढी अमावास्या होती. आपल्याकडं त्या दिवशी जिवती असते, तिकडं गटारी. सणाला गावाकडं निघालेली माणसं, मुंबईत पोट भरणारे कामगार, व्यापारी, बायामुली, सगळे बोटीवर. हवा खराब, समुद्र खवळलेला. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, पाणी आत आलं, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. थोड्या वेळात सगळा खेळ संपला.

रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांना बुडणारी माणसं दिसली. त्यांनी दिवसाची कमाई, म्हणजे होडीतली मासळी, समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी माणसं घेतली. जे वाचले त्यातले कितीतरी त्या कोळ्यांमुळं वाचले.

पण मला सांगायचं आहे ते बारकू शेठ मुकादम यांच्याबद्दल. तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा अलिबागकडचा पोरगा होता. बोट बुडाली तेव्हा तो पाण्यात पडला आणि तरंगत, हातपाय मारत गेटवेच्या बाजूला येऊन लागला. सकाळी बुडालेल्या बोटीची खबर मुंबईला दुपारनंतर कळली, आणि ती सांगितली या पोरानं. कंपनी होती, बंदराचे अधिकारी होते, सरकार होतं. पण बोट बुडाली हे सांगायला एक पोरगा समुद्रातून यावा लागला!

यावर आपण काय म्हणतो? 'नशीब बलवत्तर म्हणून वाचला.' 'देव तारी त्याला कोण मारी.' इथंच माझा आक्षेप आहे. वाचलेल्याला नशीबवान म्हटलं की विषय संपतो. मग मेलेल्यांचंही नशीबच खोटं ठरतं, आणि ज्यांची जबाबदारी होती ते सगळे हळूच मागच्या दारानं निघून जातात. वाचलेला माणूस हा चमत्कार नसतो मंडळी, तो साक्षीदार असतो. बोटीत किती माणसं कोंबली होती, तरंगायला काही दिलं होतं का, मदत किती वेळानं आली, हे मेलेला सांगू शकत नाही. मालक सांगणार नाही. सांगणार तो वाचलेलाच.

टायटॅनिकचंच बघा. एप्रिल 1912 मध्ये ती बुडाली, सुमारे 1500 माणसं गेली, सातशेच्या आसपास वाचली. वाचलेल्यांना घेऊन कार्पेथिया हे जहाज 18 एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कला लागलं आणि 19 एप्रिलला अमेरिकेच्या सिनेटची चौकशी सुरूही झाली. दुसऱ्याच दिवशी! खलाशांना बोलावलं, प्रवाशांना बोलावलं, कंपनीच्या साहेबालाही बसवून प्रश्न विचारले. जहाजावर दोन हजारांवर माणसं आणि जीवरक्षक होड्यांत जागा 1178 जणांना, हा हिशेब जगापुढं आला. त्यातूनच 1914 साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या हव्यात, वायरलेसवर चोवीस तास माणूस हवा, हे तिथून आलं. नशिबावर सोडलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

आपल्याकडं शहाणपण हळू येतं. रामदासच्या आधी 1927 मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी कोकण किनाऱ्यावर एकाच दिवशी बुडाल्या होत्या. वीस वर्षांनी रामदास. आणि फार मागं कशाला जायचं? 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 माणसं गेली. बोटीत शंभरावर प्रवासी होते. वाचलेल्यांनी टीव्हीसमोर सांगितलं की जॅकेट घातलेलं नव्हतं. स्पीडबोट कशी अंगावर आली, याचा व्हिडिओ एका प्रवाशाच्याच मोबाईलमध्ये होता. गुन्हाही वाचलेल्या प्रवाशाच्या तक्रारीवरून दाखल झाला. त्यानंतर गेटवेला जॅकेट सक्तीचं झालं. म्हणजे वाचलेला बोलला, तेव्हा व्यवस्था हलली.

आता समुद्र सोडा, आपल्या विदर्भात या. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, 11 जण गेले. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला मजुरीला निघालेल्या सहा बाया गेल्या. ही वैनगंगा तीच, जी आपल्याकडून खाली वाहत जाते.

दरवेळी काय होतं, आम्हा बातमीदारांना पाठ झालं आहे. पथक येतं, शोधमोहीम चालते, नेते येतात, वारसांना मदत जाहीर होते. ती मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण जो काठाला लागला, त्याच्याकडं कोणी दुसऱ्यांदा जात नाही. आम्हीही 'थोडक्यात बचावला' असा चौकट लावून मोकळे होतो. त्याचा जबाब फाईलीत जातो आणि फाईल कपाटात. पुढच्या घाटावरच्या डोंगेवाल्याला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

नावाड्याला गुन्हेगार ठरवून भागणार नाही, हेही सांगतो. पूल नाही किंवा फेरा लांबचा, मजुरी वेळेवर गाठायची, म्हणून माणूस डोंग्यात बसतो. आपले ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या पाणी ओळखतात. पूर आला की सरकारी पथकाआधी तेच पाण्यात उतरतात, रेवसच्या कोळ्यांसारखे. त्यांना जॅकेट द्या, दोर द्या, प्रशिक्षण द्या, मानधन द्या. नुसत्या नोटिसा देऊ नका.

2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नावांचीही नोंद अपेक्षित आहे आणि ते काम राज्य सरकार स्थानिक संस्थांकडं देऊ शकतं. म्हणजे ग्रामपंचायतीला 'आमचा काय संबंध' म्हणून हात झटकता येणार नाही.

15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. नदीकाठच्या आणि मोठ्या तलावाकाठच्या गावांनी तीन गोष्टी ठरावात घ्याव्यात. पहिली, प्रत्येक डोंग्यावर रंगानं मोठ्या अक्षरात लिहा, किती माणसं बसतील. दुसरी, तेवढी जॅकेट घाटावरच ठेवा, पंचायतीच्या कुलपात नको. संजय सरोवर किंवा पुजारीटोल्याचे दरवाजे उघडल्याची सूचना आली की डोंगा बंद, मग कोणी कितीही घाई करो. तिसरी गोष्ट बिनपैशाची आहे. पाण्यातून जो कोणी वाचला असेल, या वर्षी किंवा दहा वर्षांपूर्वी, त्याला ग्रामसभेत बोलवा, खुर्ची द्या आणि विचारा, 'भाऊ, त्या दिवशी नेमकं काय झालं?' ग्रामसेवकानं ते शब्द न् शब्द लिहून घ्यावं आणि घाटावर वाचून दाखवावं.

तुमच्या गावात असा कोणी असेल तर खाली लिहा. त्याची परवानगी असेल तरच नाव टाका. मी स्वतः जाऊन ऐकीन आणि लिहीन.