जुनी गाडी विकायची की ठेवायची? आधी पुढच्या बारा महिन्यांचा हिशोब मांडा



नवीन व्यवसाय सुरू करणारे मला भांडवलाबद्दल विचारतात, परवान्यांबद्दल विचारतात. पण त्याच्याच मागोमाग एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरची गाडी 2011 ची आहे. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. गॅरेजवाल्याने 45 हजारांचं काम काढलंय. विकून टाकू का? तसंही धंदा करायचाय, तर चांगली गाडी लागणारच ना?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीचे हप्ते फिटलेले असतील आणि गाडी धडधाकट असेल, तर व्यवसायाच्या पहिल्या दोन वर्षांत ती विकून कर्जावर नवी घेऊ नका. याला दोन अपवाद आहेत, ते पुढे सांगतो. आधी आकडे बघू.

हिशोब गाडीच्या किमतीशी नको, हप्त्याशी करा

आपल्याकडे एक समज पक्का आहे: गाडी लाखाची आणि खर्च 45 हजारांचा, मग परवडत नाही. अहो, पण तुलना चुकतेय! गाडीची बाजारात किंमत किती, यावर दुरुस्ती महाग की स्वस्त हे ठरत नाही. ती गाडी नसेल तर तुम्हाला दरमहा किती मोजावे लागतील, यावर ठरतं.

समजा तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. जुन्या गाडीला 1 लाख 10 हजार मिळतायत. ते डाउन पेमेंट म्हणून भरले आणि नव्या गाडीसाठी 6 लाखांचं कर्ज काढलं. 9 टक्के व्याज, 5 वर्षं. हप्ता बसतो साधारण 12,450 रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याजच जातं 1 लाख 47 हजारांच्या आसपास.

आता जुनी गाडी ठेवली तर? 45 हजारांचं काम, 10 हजार सर्व्हिसिंग आणि अचानक निघणाऱ्या खर्चासाठी 20 हजार बाजूला. वर पासिंगचे 5 हजार धरा. झाले 80 हजार, म्हणजे महिन्याला 6,700 च्या घरात. जुनी गाडी पेट्रोल जास्त पिते, तेही धरू. महिन्याला 1,000 किलोमीटर, जुनीचं ॲव्हरेज 14, नवीचं 20, पेट्रोल 105 रुपये धरलं, तर फरक पडतो सव्वादोन हजारांचा. एकूण नऊ हजारांच्या आत.

म्हणजे दुरुस्तीच्या सगळ्यात वाईट वर्षातसुद्धा जुनी गाडी महिन्याला साडेतीन हजारांनी स्वस्त पडते. नव्या गाडीचा जास्तीचा विमा तर मी धरलेलाच नाही. आणि 45 हजारांचं काम दरवर्षी निघत नाही. हप्ता मात्र साठ महिने निघतो.

कुणी म्हणेल, पाच वर्षांनी नवी गाडी हातात उरते त्याचं काय? बरोबर आहे, उरते. पण व्यवसायाच्या सुरुवातीला तुम्हाला पाच वर्षांनंतरच्या गाडीची गरज नाही, आज हातात पैसा खेळता राहण्याची आहे. एक किलो मसाल्यामागे 60 रुपये सुटत असतील, तर 12,450 च्या हप्त्यासाठी महिन्याला 208 किलो मसाला विकायला लागेल. तो फक्त बँकेसाठी. घरात त्यातलं काहीच येणार नाही.

आणखी एक गोष्ट. उद्या तुम्ही मुद्रा कर्जाला गेलात, किशोर गटात 5 लाखांपर्यंत मागितलेत, तर बँक आधी काय बघणार? चालू असलेले हप्ते. गाडीचं कर्ज तिथे तुमच्या ग्राइंडिंग मशीनची जागा अडवून बसतं.

गाडी कुटुंबाची आहे की धंद्याची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खासगी गाडीच्या विम्यात वापराच्या अटी असतात. नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतुकीसाठी, किंवा भाड्याने, गाडी वापरली तर ते विम्यात बसत नाही. दुकानदाराला दाखवायला मसाल्याची चार पाकिटं नेली, काही हरकत नाही. पण मागची सीट पाडून रोज दोनशे किलो माल टाकताय आणि अपघात झाला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

म्हणून माझा सल्ला: घरची गाडी भेटीगाठी, नमुने आणि कुटुंबासाठी ठेवा. मालासाठी सुरुवातीला टेम्पो भाड्याने सांगा. ते भाडं सहा महिने वहीत लिहा. रोजच टेम्पो लागायला लागला, तर सेकंड हँड मालवाहू गाडी बघा, पिवळ्या पाटीची. बऱ्याच जणांना नव्या कारची गरज वाटते, तेव्हा खरी गरज टेम्पोची असते.

पंधरा वर्षांची भीती

"पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारातच जाणार," असं सांगून काही दलाल भाव पाडतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं, हा वाद दिल्ली-एनसीआरचा आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण आरटीओत तपासणी करून ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. कारसाठीचं नूतनीकरण शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. जाण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर चालू दर बघून घ्या आणि आरसी बुकवरची तारीख आजच तपासा. ती तारीख उलटली की गाडी ठेवणंही अवघड आणि विकणंही.

मग विकायची कधी?

पहिला अपवाद सुरक्षेचा. चेसिसला गंज लागलाय, ब्रेक-स्टिअरिंगचं दुखणं पुन्हा पुन्हा निघतंय, तर हिशोब मांडत बसू नका. 2011 च्या आसपासच्या बऱ्याच बेस मॉडेलना एअरबॅग नाहीत. मुलाबाळांना घेऊन दर आठवड्याला हायवेवर जायचं असेल, तर ही गोष्ट पैशांच्या वर ठेवा.

दुसरा अपवाद भरवशाचा. तीन महिन्यांत दोनदा गाडी रस्त्यात बंद पडली आणि त्यामुळे गिऱ्हाइकाला दिलेली वेळ चुकली, तर विका. गॅरेजचं बिल भरून निघतं. "यांचं काही खरं नसतं" हे गिऱ्हाइकाच्या मनात एकदा बसलं, की ते निघत नाही.

आणि हो, "आत्ताच तर 30 हजार घातलेत, आता कशी विकू?" हे कारण चालणार नाही. ते पैसे गेले. ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. निर्णय पुढच्या खर्चावर घ्यायचा.

विकायचं ठरलं, तरी थेट शोरूम गाठू नका. चार-पाच वर्षं वापरलेली गाडी बघा, कारण नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते. विकताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून थांबू नका, आरसीवर नाव बदललं का हे स्वतः बघा. नोंदीत ज्याचं नाव, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. विम्यातला नो क्लेम बोनसही तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न "लोक काय म्हणतील" याचा. दसऱ्याला शेजारी नवी गाडी आली, की आपल्या गाडीला हार घालताना हात थोडा आखडतो, मान्य आहे. पण तुमचं दुकानदार गिऱ्हाईक मसाल्याचा वास बघतं, भाव बघतं आणि माल वेळेवर आला का ते बघतं. गाडीचं मॉडेल कोणतं, हे ते विचारत नाही.

या रविवारी एक कागद घ्या. एका बाजूला जुन्या गाडीचा पुढच्या बारा महिन्यांचा खर्च, दुसऱ्या बाजूला नव्याचा हप्ता, विमा आणि डाउन पेमेंट. खाली लिहा: हा हप्ता फेडायला माझा किती माल विकावा लागेल? घरातल्या सगळ्यांसमोर तो कागद ठेवा आणि मग ठरवा.