आनंदीबाईंना दार बंद होतं



‘मराठी मुलांनी डॉक्टरकीसाठी महाराष्ट्रातच यावं’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. चांगल्या कॉलेजसाठी घर सोडावंच लागतं, असं सांगताना पत्रलेखकांनी आनंदीबाई जोशींचा दाखला दिलाय. आनंदीबाई निघाल्या त्या आमच्याच कोलकात्याच्या बाजूच्या, हुगळीकाठच्या श्रीरामपूरहून. त्यांचे पती गोपाळराव तिथे पोस्टात होते. एप्रिल १८८३मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला जाण्यासाठी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा कलकत्ता मेडिकल कॉलेजचं दार मुलींना बंद होतं. काही महिन्यांतच ते उघडायचं ठरलं आणि कादंबिनी गांगुली तिथे शिकल्या.

आता आमचं. मुलगी डमडमला बारावीत. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्याला सर्वसाधारणपणे दहावी-बारावी तिथलीच लागते. म्हणजे तिथल्या सरकारी कॉलेजांत तिला उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा. इथे रहिवासाच्या दाखल्यावर राज्याच्या जागा खुल्या. आर. जी. कर मेडिकल कॉलेज तर मेट्रोनं एकदोन स्टेशनांवर. पण ऑगस्ट २०२४मध्ये तिथे रात्रपाळीवरच्या शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हापासून लेकीची आई ते नाव काढू देत नाही, आणि मी वाद घालत नाही. लेकीनं वहीत प्रत्येक कॉलेजसमोर एक रकाना आखलाय: ‘रात्रपाळीच्या खोलीला आतून कडी?’

जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावं, हे मात्र पत्रलेखकांचं पटलं. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा हुकली तर जवळच बरानगरला भारतीय सांख्यिकी संस्था आहे. तिथली प्रवेश परीक्षाही काही सोपी नाही म्हणा!

– एक वाचक, डमडम, कोलकाता