भाकरीची लाज नको, भाबडेपणाही नको

गेल्या महिन्यात कन्नमवार नगरातल्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. वय ४६, सुरक्षा रक्षकाची नोकरी, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. पायाच्या अंगठ्याजवळची जखम तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. रक्तातली साखर तपासली तर २९०! गोळ्या चालू आहेत ना, असे विचारताच ते अवघडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले, गोळ्या सोडल्या. आता ज्वारीची भाकरी खातो. भाकरीनं साखर जाते असं व्हॉट्सॲपवर आलं होतं."

रागावून उपयोग नव्हता. सध्या भाकरीला चांगले दिवस आले आहेत. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून नाचणीची बिस्किटे आणि बाजरीचे कुरकुरीत पदार्थ मोठमोठ्या दुकानांत दिसू लागले. आमच्या पिढीला मात्र याची गंमत वाटते.

माझे बालपण विक्रोळीतच गेले. घाटावरून, कोकणातून, खानदेशातून माणसे इथल्या कारखान्यांत नोकरीला आली आणि येताना आपापले जेवण घेऊन आली. कुणाकडे ज्वारीची भाकरी नि झुणका, कुणाकडे नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि मासळी. पण शाळेच्या डब्यात भाकरी न्यायची आम्हाला लाज वाटे. "मला पोळीच दे," म्हणून मी आईशी भांडल्याचे आजही आठवते. गावाकडे गव्हाची पोळी सणावाराला, पाहुण्यारावळ्यांना असे. त्यामुळे रोज पोळी म्हणजे सुखाचे दिवस, असे समीकरण झाले. पुढे रेशनवर गहू-तांदूळ सहज मिळू लागला आणि ज्वारीचा डबा फळीवरून उतरला तो उतरलाच.

खरे तर लाजण्यासारखे त्यात काहीच नव्हते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दुधात त्याच्या साधारण एक तृतीयांश. बाजरीत लोह गव्हापेक्षा जास्त. कुळथात शेकडा २० हून अधिक प्रथिने. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, म्हणून हात जरा सावकाश चालतो.

पण वाचकहो, नाण्याची दुसरी बाजूही पाहा. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ज्वारीइतकाच चोथा असतो. तेव्हा घरची पोळी ही काही आपली शत्रू नव्हे. शत्रू आहे तो मैदा. पाव, खारी, बिस्किटे, नूडल्स ही सगळी त्याचीच रूपे. दुसरे असे, की एका मोठ्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागते, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास उष्मांक झाले. आमचे हे गृहस्थ सकाळी स्टेशनबाहेर दोन वडापाव, दिवसभरात पाच गोड चहा आणि रात्री साडेदहाला तीन भाकऱ्या, वर भात असे जेवत होते. यात भाकरी बिचारी काय करणार?

आपल्या आजोबांची भाकरी एकटी नव्हती. तिच्याबरोबर डाळ किंवा उसळ, पालेभाजी, कांदा, ताक असे. हिवाळ्यात बाजरी, उन्हाळ्यात नाचणीची आंबील, पावसाळ्यात रानभाज्या असा ऋतूंचा क्रम असे. दिवेलागणीला जेवणे उरकत आणि दिवसभर शेतात अंग मोडून काम होई. त्यातली भाकरी तेवढी उचलायची आणि बाकीचे सोडून द्यायचे, हे म्हणजे औषधाच्या चिठ्ठीतली एकच गोळी घेण्यासारखे झाले.

शिवाय जुने ते सगळेच सोने नव्हते. बायका सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवत. त्यांच्या अंगात रक्त कमी असायचे ते त्यामुळेही. खर्डा, लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांतून मीठ भरपूर जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ पोटात जावे. जुना आहार पाळताना या चुका तेवढ्या गावीच ठेवाव्यात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मी स्वतःही त्याच्या उंबरठ्यावर उभा होतो. तीन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. दुसऱ्यांना पथ्य सांगणारा मी रात्री अकराला जेवत होतो! तेव्हापासून दवाखाना अर्धा तास आधी बंद करतो, साडेआठला जेवतो, जेवणानंतर वीस मिनिटे चालतो. ताटात एक भाकरी, वाटीभर उसळ आणि भाकरीपेक्षा जास्त भाजी. आकडा आता ५.८ वर आहे.

आणखी एक गोष्ट पुरुषवर्गासाठी. नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या बाईने पुन्हा परातीपुढे बसून भाकऱ्या थापाव्यात, असा आग्रह धरणे हा आरोग्याचा विचार नव्हे, हा आयतेपणा झाला. पीठ मळा, थापायला शिका. माझी पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिचे चार तुकडे झाले होते. आता बरी गोल होते. जमतच नसेल तर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आणा.

थोडक्यात सांगायचे तर भाकरी हे अन्न आहे, औषध नव्हे. रोज खा, पण मोजून खा. सोबत डाळ-उसळ आणि पालेभाजी हवीच. भाजीवर लिंबू पिळा आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवा, म्हणजे लोह अंगी लागेल. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका.

त्या गृहस्थांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, रोज मलमपट्टी केली, जखम आता भरत आली आहे. आणखी पंधरा दिवस उशीर झाला असता तर कदाचित अंगठा गमवावा लागला असता. त्यांची भाकरी मी बंद केलेली नाही. तीनाच्या दोन केल्या आहेत आणि वडापाव आठवड्यातून एकदाच, असे ठरले आहे.