जिभेचा दोष किती?

पदार्थविज्ञानाच्या माणसाने आहाराविषयी का बोलावे, असे तुम्ही विचाराल. पण कॅलरी हे उष्णतेचेच एकक आहे. तेवढा अधिकार मला असावा!

एखाद्या जाड मुलाला ‘तोंडावर ताबा ठेव’ असे आपण सहज सुनावतो. मला हा अन्याय वाटतो. का, ते पाहा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० प्रौढांना चार आठवडे संस्थेच्या रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे प्रत्येकाला कारखान्यात अनेक प्रक्रियांतून गेलेले अन्न दिले, दोन आठवडे साधे अन्न. पुढे ठेवलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ, मेद आणि तंतुमय भाग दोन्ही वेळी जुळवून घेतले होते. किती खायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. कारखान्यातल्या अन्नावर तीच माणसे रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती! वजन सरासरी ०.९ किलो वाढले. साध्या अन्नावर जवळजवळ तेवढेच घटले.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठेही मोडला नाही. जास्त खाल्ले, वजन वाढले. पण जास्त का खाल्ले? माणसे तीच, मनोनिग्रह तोच. बदलले ते अन्न. ते भरभर खाल्ले जात होते, एवढे दिसले. माणसे थोडी आणि काळही थोडा, ही मर्यादा मला मान्य आहे.

शिक्षकांनी कोणाच्या वजनावर बोलण्याआधी शाळेच्या फाटकाबाहेर काय विकले जाते ते पाहून यावे. आमच्या महाविद्यालयाच्या उपाहारगृहात मी डोकावून आलो. त्याविषयी न बोललेले बरे!