पुढच्या मोसमाचे पंचांग

दिवाळी अंक हाती आला की आमच्या घरात तो आधी शेवटून उघडला जातो. शेवटी राशिभविष्य असते ना! सौभाग्यवती आपली रास वाचतात, मग माझी वाचतात आणि माझ्या राशीला 'खर्चावर ताबा ठेवावा' असे लिहिलेले असले की ते मोठ्याने वाचतात. संपादकांना हे कुठून कळले देव जाणे. यंदा त्यांनी मला फर्मावले, "तुम्ही फुटबॉलवर एवढे बोलता, तर कलकत्त्याच्या दोन संघांचे भविष्य लिहा. मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल. गेला मोसम कसा गेला, पुढचा कसा जाईल, अगदी राशिभविष्यासारखे."

मी हो म्हणालो खरा, पण या दोन राशींचे भविष्य सांगणाऱ्यांची फजिती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ती फजिती आधी सांगतो.

आमच्या दादरच्या इमारतीत दोन बंगाली कुटुंबे राहत. तळमजल्यावरचे गृहस्थ जुन्या कलकत्त्याचे, त्यांना आम्ही मुले 'खालचे काका' म्हणत असू. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे मूळ घर ढाक्याकडचे, फाळणीत सुटलेले. ते 'वरचे काका'. एवढे सांगितले की जाणत्या वाचकाला पुढचे सांगायला नको. खालचे काका मोहन बागानचे, वरचे काका ईस्ट बेंगॉलचे. मोहन बागानची स्थापना 1889 ची. 1911 साली याच संघाने अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले आणि आय. एफ. ए. शील्ड जिंकली. खालचे काका ही हकीकत अशी सांगत की जणू ते स्वतः त्या दिवशी लेफ्ट आउटला होते. ईस्ट बेंगॉल निघाले 1920 साली, पूर्वेकडच्या एका खेळाडूला संघातून वगळल्याच्या रागातून. वरच्या काकांचे म्हणणे असे की रागातून निघालेली गोष्ट टिकाऊ असते.

कलकत्त्याचा रिवाज असा की ईस्ट बेंगॉल जिंकले की त्यांच्या घरी हिलसा शिजायचा आणि मोहन बागान जिंकले की यांच्या घरी कोळंबी. निकाल वर्तमानपत्रात यायच्या आधी तो जिन्यात वासावरून कळे.

आता पहिले भविष्य घ्या. साल 1975. ईस्ट बेंगॉलने 1970 पासून कलकत्ता लीग ओळीने सहा वेळा जिंकली होती. मोहमेडन स्पोर्टिंगने 1934 ते 1938 अशी पाच वर्षे ओळीने लीग जिंकली होती, तो विक्रमही मागे पडला. त्यावर कळस म्हणजे 30 सप्टेंबर 1975 रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानवर पाच गोल चढवले. उत्तरादाखल एकही नाही. वरच्या काकांनी त्या दिवशी बाजारातला सगळ्यांत मोठा हिलसा आणला आणि झाकण घातलेली एक थाळी तळमजल्यावर पाठवली. थाळी झाकण न उघडता परत आली. त्या दिवसापासून दोन्ही काकांचे बोलणे बंद झाले. निरोप आम्हा मुलांकरवी जाऊ लागले.

त्या वेळी कोणाही शहाण्याला पुढच्या मोसमाबद्दल विचारले असते तर त्याने एकच उत्तर दिले असते, सातवी लीगही ईस्ट बेंगॉलची. पण 1976 साल उजाडले आणि ईस्ट बेंगॉलचे प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी मोहन बागानला जाऊन मिळाले. हे बॅनर्जी म्हणजे 1960 च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे कर्णधार. सामन्याआधी खेळाडूंपुढे ते जे बोलत त्याला लोकांनी 'व्होकल टॉनिक' असे नावच दिले होते. त्या वर्षीच्या लीगमध्ये दोन संघांची गाठ पडली तेव्हा शिट्टी वाजून अवघे 17 सेकंद झाले होते आणि मोहन बागानच्या अकबरने गोल केलासुद्धा! सामना 1-0 ने गेला आणि लीगही मोहन बागानकडे गेली. आमच्या जिन्यात कोळंबीचा वास आला. थाळी वर गेली आणि अर्थातच तशीच खाली आली.

दुसरे भविष्य 1977 चे. ते तर आणखी फसवे. मोहन बागानने त्या वर्षी नामांकित खेळाडूंची भरती केली. त्या काळी दरवर्षी मोसमाआधी खेळाडू संघ बदलत, त्याला तिकडे 'दलबदल' म्हणत. श्याम थापा आणि गौतम सरकार हे ईस्ट बेंगॉलचे मोहरे आता मोहन बागानमध्ये आले. खालच्या काकांनी लीग जिंकल्यातच जमा धरली. पण लीगमध्ये उरल्यासुरल्या ईस्ट बेंगॉलने या तारामंडळाला 2-0 ने हरवले आणि लीगही घेतली.

मग मोहन बागान संपले म्हणावे तर 24 सप्टेंबरला त्यांनी ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉस संघाला 2-2 असे बरोबरीत रोखले. पुढे थोड्याच दिवसांत शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलला 1-0 ने हरवले. गोल कोणाचा? श्याम थापाचा! त्या मोसमात शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड हे तिन्ही चषक त्यांनी नेले. रोव्हर्स म्हणजे आपल्या मुंबईची स्पर्धा, कूपरेजवर होणारी. त्यातल्या एका सामन्याला खालचे काका मला घेऊन गेले होते. मध्यंतरात पाहतो तो पलीकडच्या टोकाला वरचे काका एकटेच बसलेले, मोहन बागान हरेल या आशेने तिकीट काढून आलेले. खालच्या काकांनी शेंगदाण्याची एक पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्या गृहस्थांना दे. पण मी दिली म्हणून सांगू नकोस." मी दिली. वरच्या काकांनी विचारले, "कोणी दिली?" मी म्हणालो, "कोणी नाही." त्यांनी ती खाल्ली.

या दोन वर्षांत मला जे दिसले ते सांगतो. नवे, नामांकित खेळाडू आणले म्हणजे संघ होत नाही. एकमेकांच्या पायांची ओळख व्हायला वेळ लागतो. कलकत्ता लीग मोसमाच्या सुरुवातीला असे, तोवर 1977 च्या मोहन बागानची ही ओळख झाली नव्हती. शील्ड सप्टेंबरात आली, तोवर झाली होती. म्हणून कोण आले हे विचारण्याआधी कोण राहिले हे विचारावे. आणि खेळाडूंइतकाच, कधी त्यांच्याहून अधिक, प्रशिक्षकाचा मुक्काम पाहावा.

तिसरी फजिती 13 जुलै 1997 ची. फेडरेशन कपाचा उपांत्य सामना, सॉल्ट लेकचे मैदान आणि 1,31,781 प्रेक्षक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी 'डायमंड' नावाची चढाईची पद्धत आणली होती आणि तिचा बोलबाला एवढा झाला होता की प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांची थट्टा करण्यापर्यंत मजल गेली. समोर ईस्ट बेंगॉलचे प्रशिक्षक कोण? तेच प्रदीपकुमार बॅनर्जी! फुकट मिळालेले टॉनिक त्यांनी वाया कसे घालवावे? ईस्ट बेंगॉल 4-1 ने जिंकले. तीन गोल एकट्या बायचुंग भूतियाचे.

आता गंमत पाहा. एवढा मोठा विजय मिळवलेल्या ईस्ट बेंगॉलला अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघाने हरवले. आणि चार गोल खाल्लेल्या मोहन बागानने त्याच 1997-98 च्या मोसमात राष्ट्रीय लीग जिंकली. म्हणजे या दोघांच्या आपसातल्या सामन्यावरून वर्षाचे भविष्य सांगू नये. तो सामना लग्नातल्या रुसव्यासारखा असतो. त्याचा गाजावाजा फार होतो, पण पुढच्या संसाराबद्दल तो काही सांगत नाही.

वाचक म्हणतील, हे सगळे जुने झाले, अलीकडचे सांगा. सांगतो. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये मोहन बागानने 24 सामन्यांत 56 गुण मिळवले, लीगची शील्ड ओळीने दुसऱ्यांदा घेतली आणि 12 एप्रिल 2025 रोजी बंगळूरला जादा वेळेत 2-1 ने हरवून चषकही घेतला. लीगच्या त्या 24 सामन्यांत त्यांच्यावर अवघे 16 गोल झाले. गोलरक्षक विशाल कैथ आणि कर्णधार सुभाशिष बोस ही जोडी पाहिली की समजावे, घराचे दार नीट लागलेले आहे. जेमी मॅक्लारेनसारखा गोल करणारा पुढे होता हे खरे, पण मागचे दार उघडे असते तर त्याच्या गोलांचा उपयोग काय?

ईस्ट बेंगॉलची कुंडली याच्या उलट. जानेवारी 2024 मध्ये भुवनेश्वरला ओडिशाला हरवून त्यांनी सुपर कप जिंकला. मोठ्या आशेने 2024-25 चा मोसम सुरू झाला आणि पहिले सहा सामने ओळीने हरले! प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात मोसमाच्या आरंभीच गेले, ऑस्कर ब्रुझोन आले. त्यांनी गाडी रुळावर आणली, पण तोवर उशीर झाला होता. अखेर 28 गुण आणि नववा क्रमांक.

56 आणि 28. बरोबर दुप्पट! त्रैराशिक मांडणाऱ्याने पुढचा निकाल तिथेच लिहून टाकला असता. पण 17 ऑगस्ट 2025 रोजी ड्युरँडच्या उपांत्यपूर्व सामन्यात ईस्ट बेंगॉलने याच मोहन बागानला 2-1 ने हरवले. दोन्ही गोल दिमित्रिऑस डायमँटाकॉसचे. आणि तीनच दिवसांनी डायमंड हार्बर या नवख्या संघाकडून ते स्वतः 2-1 ने हरले! पुढे 18 ऑक्टोबरला शील्डच्या अंतिम सामन्यात बरोबरीनंतर मोहन बागानने पेनल्टीवर बाजी मारली. बॅनर्जी आणि दत्त आज नाहीत, पण 1997 चीच गोष्ट नव्या पात्रांनी पुन्हा करून दाखवली.

तर संपादकमहाशय, माझे पंचांग असे. बारा महिन्यांच्या लीगचे भाकीत करायचे तर बचावाची फळी आणि प्रशिक्षक तेच आहेत का ते पाहा. ते टिकले असतील तर मोसम बहुधा बरा जातो. ते बदलले असतील तर पहिले पाच-सहा सामने जाऊ द्या आणि मग बोला. दोघांच्या आपसातल्या सामन्याचे भाकीत मात्र करूच नका. तिथे ज्याचा अपमान ताजा, त्याचा पाय जड पडतो.

आता एक गोष्ट राहिली, ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

16 ऑगस्ट 1980. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता, हेच दोन संघ. मैदानावरची धसमुसळ गॅलरीत पोचली, मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 प्रेक्षक प्राणाला मुकले. खेळ पाहायला गेलेली माणसे. दुसऱ्या दिवशी आम्हाला बातमी कळली. वरच्या काकांचा धाकटा भाऊ तेव्हा कलकत्त्याला एका मेसमध्ये राहून शिकत होता, आणि असा सामना त्याने चुकवला असेल हे शक्यच नव्हते. इमारतीत टेलिफोन एकच, आणि तो खालच्या काकांकडे. वरचे काका जिना उतरून आले, पण दारापाशी नुसते उभे राहिले. पाच वर्षांनी पहिले वाक्य कोणते बोलायचे ते त्यांना सुचेना. खालच्या काकांनी काहीही न विचारता त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवले आणि ट्रंक कॉल लावला. साधा नव्हे, लाइटनिंग. आठपट पैशांचा.

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. निरोप्या म्हणून मलाही तिथेच बसवून ठेवले होते, पण निरोप काही नव्हता. दोघे फोनकडे पाहत होते. संध्याकाळी घंटा वाजली. भाऊ सुखरूप होता. तिकीट मिळाले नाही म्हणून मेसमध्येच रेडिओ ऐकत बसला होता. वरच्या काकांच्या हातून रिसीव्हर निसटला. खालच्या काकांनी तो उचलला आणि त्या मुलाला बंगालीत इतके झापले की मला एक शब्द कळत नसूनही सगळे कळले.

त्यानंतर थाळी कधी परत गेली नाही. हरणाऱ्यानेही जिंकणाऱ्याचा मासा खायचा, असा इमारतीचा कायदाच झाला. कलकत्त्यालाही असे दिवस येतात. ऑगस्ट 2024 मध्ये एका तरुण डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर शहर पेटले होते, तेव्हा ड्युरँडमधला या दोघांचा सामना बंदोबस्ताच्या कारणाने रद्द झाला. सामना नव्हता तरी दोन्हीकडचे लोक मैदानाबाहेर जमले आणि न्याय मागायला लाल-पिवळे आणि हिरवे-तांबडे झेंडे एकत्र उभे राहिले.

दोन्ही काका आता नाहीत. इमारतही नवी झाली, पण दोन्ही घरे तिथेच आहेत. 2025 च्या ऑगस्टात वरून हिलसा खाली गेला. ऑक्टोबरात कोळंबी वर जायची, पण तो दिवस नेमका धनत्रयोदशीचा. मध्ये आमचे घर, आणि दोन्हीकडच्या थाळीत आमचा वाटा ठरलेला. सौभाग्यवतींनी निरोप पाठवला, की भाऊबीज होईपर्यंत थांबा. खालच्यांनी थांबून घेतले.

तेव्हा पुढच्या मोसमात कोण जिंकेल ते मी सांगू शकत नसलो, तरी आमच्या घराचे भविष्य ठाम सांगतो. कोणीही जिंको, मासे येणार.