जप्तीनंतर काय?

सणासुदीचे दिवस जवळ आले, की अन्न व औषध प्रशासनाच्या धाडींची वृत्ते झळकू लागतात. कोठे भेसळीचा खवा पकडला जातो, कोठे दूषित तेलाचे डबे. जप्त मालाचे वजन व किंमत जाहीर होते आणि नागरिक निर्धास्त होतात. ही कारवाई स्वागतार्हच आहे. परंतु जप्ती म्हणजे निवाडा नव्हे, ती केवळ नांदी होय, याचे स्मरण शासनास करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भेसळ हा क्षुल्लक अपराध नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने साठांहून अधिक माणसे दगावली. १९५४ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला व ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. असुरक्षित अन्नाने मृत्यू ओढवल्यास त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शस्त्र धारदार आहे यात शंका नाही. प्रश्न ते चालविणाऱ्या हाताचा आहे.

नमुन्याचे चार भाग करावेत आणि अन्न विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा सांगतो. खवा चौदा दिवस टिकत नाही. खराब झालेला नाशवंत माल व्यापाऱ्यास लेखी नोटीस देऊन नष्ट करण्याची मुभा अधिकाऱ्यास आहे. मग न्यायालयापुढे उरतो तो केवळ नमुना व त्यावरील अहवाल. तेथेच कसूर झाली, तर सारा खटला ढासळतो.

मॅगी प्रकरण याची साक्ष देते. जून २०१५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने त्या शेवयांवर बंदी घातली. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली होती, त्यांना कायद्यास अभिप्रेत अशी मान्यता नव्हती. माल निर्दोष की सदोष, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला आणि नव्याने तपासणी करावी लागली.

ढिसाळ तपासणीने अपराधी सुटतो आणि निरपराध व्यापारी नाहक बदनाम होतो. विनाकारण छळासाठी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यास कायद्याने दंड सांगितला आहे, तो उगाच नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे: मान्यताप्राप्त प्रयोगशाळा व विश्लेषक वाढवा, आणि जितक्या उत्साहाने जप्तीचे आकडे प्रसिद्ध करता, तितक्याच तत्परतेने अहवाल व निकालही प्रसिद्ध करा. किती माल पकडला यापेक्षा किती गुन्हे शाबीत झाले, हे जाणण्याचा नागरिकांना हक्क आहे. मुलाच्या हातावर पेढा ठेवणाऱ्या मातेला धाडीचे छायाचित्र नको, खात्री हवी.